साइड इफेक्ट्सच्या गावाहून

पत्र पहिलं

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१२ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आईला माझं प्रत्येक वाक्य पुन्हा ओरडून सांगावं लागतं. म्हणून निघताना तुम्ही म्हणाला होतात, "सावकाश पत्रं लिही." तसंच करते आहे.

काल शिकागोला उतरले आणि विमानतळावरूनच बस धरली. तीन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना नुकता वर आलेला मका, मध्येच एखादं लाल कोठार, पुन्हा मका. मॅडिसन दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. एकीकडे मेंडोटा, दुसरीकडे मोनोना. ही राज्याची राजधानी, त्यामुळे मधोमध विधानभवन. त्याचा पांढरा ग्रॅनाइटचा घुमट कुठूनही दिसतो आणि तिथून निघालेला स्टेट स्ट्रीट चालत गेलं की थेट विद्यापीठात नेऊन सोडतो. मिरजेत कुठल्याही रिक्षावाल्याला दवाखाना विचारावा, तसं इथे कुणालाही विद्यापीठ विचारावं.

रात्री ताईच्या घरी झोप येईना म्हणून टीव्ही लावला. बातम्यांच्या मध्ये औषधांच्या जाहिराती, एकामागून एक. एक आजोबा नातवाला घेऊन मासे पकडताहेत, आजी बागेत हसते आहे आणि मागे एक गोड आवाज त्या गोळीचे दुष्परिणाम भराभर वाचतो आहे: चक्कर, रक्तस्राव, यकृताला इजा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी औषधं अशी थेट लोकांना दाखवायची मुभा जगात फक्त इथे आणि न्यूझीलंडमध्ये आहे. इथे १९९७मध्ये नियम सैल झाले आणि या जाहिराती टीव्हीवर वाढल्या. तुम्ही बॅग घेऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर तास-तास बसायचात. इथे कंपनी पेशंटच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली आहे.

पण जे दाखवतात आणि जे वाचतात, त्यातलं अंतर ऐकवत नाही, बाबा. कान एक ऐकतो, डोळ्यांना दुसरंच दिसतं, आणि माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

ताई म्हणाली, "तुला बाबांच्या लाइनवरचा सिनेमा दाखवते. इकडच्याच बाईनं काढलाय." तो पाहून लिहीन.

आईला नमस्कार. तिची मंगळवारची रक्ततपासणी चुकवू नका.

तुमची धाकटी


पत्र दुसरं

मॅडिसन
१५ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल शनिवार. विधानभवनाभोवतीच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. चीजचे ताजे तुकडे घेतले. ते दाताखाली चक्क चुंई-चुंई करतात, ताजेपणाची खूण म्हणे तीच. दुपारी तळ्याकाठी पिवळ्या, हिरव्या, केशरी लोखंडी खुर्च्यांवर बसलो आणि रात्री सिनेमा लावला.

नाव 'साइड इफेक्ट्स', साल २००५. लिहिणारी आणि दिग्दर्शिका कॅथलीन स्लॅटरी-मॉश्काउ. तिनं स्वतः सुमारे दहा वर्षं औषध कंपन्यांसाठी तुमच्यासारखंच एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणून काम केलं आणि मग नोकरी सोडून, अगदी थोड्या पैशांत हा सिनेमा उभा केला. गरिबी जाणवते. खोल्या साध्या, उजेड साधा, गर्दी बेताची. पाच वर्षांनी, २०१०मध्ये, याच धंद्यावर 'लव्ह अँड अदर ड्रग्ज' आला. त्यात मोठे नट होते, मोठं बजेट होतं. तोही ताईनं दाखवला. तो देखणा आहे. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवरच्या बॅगेचं ओझं मला या गरीब सिनेमात जाणवलं.

नायिका कार्ली, तरुण एमआर. ती भूमिका कॅथरीन हायगलनं केली आहे. त्याच वर्षी 'ग्रेज अ‍ॅनॅटॉमी' मालिकेत ती डॉक्टर झाली आणि जगभर ओळखली गेली. म्हणजे बाकावर वाट पाहणारी आणि दाराआड बसलेली, दोन्ही तीच.

कार्लीला पगार चांगला, गाडी कंपनीची, बोलणं गोड. डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरांपुढे औषधाची माहिती मांडणं, तोंडपाठ. हळूहळू तिला कळत जातं की आपल्याला अर्धंच शिकवलंय. मग तिच्या आयुष्यात झॅक येतो, आणि इथे मला ही बाई लेखक म्हणून फार आवडली. प्रेमकथा तिनं तोंडी लावायला घेतलेली नाही. दिवसभर ठरलेलं हसू हसणाऱ्या मुलीला संध्याकाळी खरं हसायचं असतं, आणि दोन्ही हसू एकाच चेहऱ्यावर राहात नाहीत. कामाचा हा दुष्परिणाम गोळीच्या वेष्टनावर छापलेला नसतो. सिनेमाचं नाव तिथे नेमकं बसतं.

शेवटी ती ठरवते, नोकरी सोडायचीच आहे तर तोवर डॉक्टरांना खरं सांगायचं. कुठलं औषध कुठे चालतं, कुठे चालत नाही, कुठे दुसऱ्या कंपनीचं बरं. आणि तिचा खप वाढतो! कारण डॉक्टरांचा तिच्या शब्दावर विश्वास बसतो.

या ठिकाणी मी सिनेमा थांबवला आणि ताईकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच पाहात होती. आम्हा दोघींना तुमची नांदेडची बदली आठवली.

बाबा, आम्ही लहान होतो. सांगलीचं घर एका आठवड्यात आवरलं, एवढंच लक्षात आहे. पलंगावर आई सॅम्पल्स लावत बसायची, प्रत्येक पाकिटावर 'विक्रीसाठी नाही'. ती सगळी खोकी त्या आठवड्यात परत गेली. पुढे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी: रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी, मिरजेच्या एका डॉक्टरांनी तुमच्यापुढे ठेवलेलं परदेशी मासिकाचं पान, त्यानंतर तुम्ही प्रत्येक दवाखान्यात जोडू लागलेलं एक वाक्य, "हृदयाचा त्रास असलेल्यांना देताना विचार करा, सर", आणि जॉइंट वर्कला, म्हणजे तुमच्यासोबत फिरायला, आलेल्या मॅनेजरनं ते ऐकणं.

कार्लीचा खप वाढला. तुमचं काय झालं होतं? कधी विचारलंच नाही. आता विचारते.

तुमची धाकटी


पत्र तिसरं

मॅडिसन
२१ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचायला पंधरवडा लागेल म्हणून ताईनं मागच्या पत्राचा फोटो आईच्या फोनवर पाठवला आणि उत्तरादाखल तुमचा आवाज आला. चारदा ऐकला. तुम्ही म्हणालात, "खप वाढला हे सिनेमात खोटं दाखवलेलं नाही. माझाही वाढला होता. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचा, लोहाच्या टॉनिकचा. डॉक्टर म्हणायचे, तुम्ही सांगताय ना, मग लिहितो. पण टार्गेट त्या गोळीचं होतं."

एवढंच बोलून तुम्ही आईला फोन दिलात. मला वाटतं, त्या दिग्दर्शिकेला दहा वर्षांत जे दिसलं ते याहून वेगळं नसावं. तिच्या सिनेमात कंपनीतली माणसं राक्षस नाहीत. ती तुमच्या मॅनेजरसारखी आहेत, महिनाअखेरीला घाबरणारी. २००४च्या ३० सप्टेंबरला रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेतलं गेलं, डिसेंबरात आपल्याकडेही बंदी आली. नोव्हेंबर २०००मध्ये छापलेल्या अभ्यासातच हृदयविकाराचे झटके जास्त दिसले होते. या चार वर्षांत ते वाक्य किती दवाखान्यांत बोललं गेलं असेल आणि किती ठिकाणी गिळलं गेलं असेल?

नियम पुढे बदलले. २००९पासून इथल्या कंपन्यांनी आपल्याच संहितेनुसार डॉक्टरांना पेनं आणि कप वाटणं सोडलं. २०१४पासून कुठल्या डॉक्टरला कुठल्या कंपनीनं किती दिलं ते सरकार सर्वांसाठी प्रसिद्ध करतं. आपल्याकडे २०२४मध्ये भेटवस्तूंना मनाई करणारी संहिता आली. हे हवंच होतं. पण टार्गेट कुठल्याच संहितेत दिसत नाही.

आज विद्यापीठाच्या हेन्री मॉलवर गेले होते, जीवरसायनशास्त्राच्या इमारतींपाशी. आईसाठी गेले होते.

१९३३चा फेब्रुवारी. एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत या गावात आला. त्याच्या गायी रक्तस्रावानं मरत होत्या. गाडीत एक मेलेली कालवड, सडलेलं गोड क्लोव्हर गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. शनिवार होता, सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद. फिरत फिरत तो कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंकनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि पुढची सहा वर्षं त्यांच्या माणसांनी त्या गवतातलं द्रव्य शोधण्यात घालवली. त्यातूनच पुढे वॉर्फरिन निघालं. १९४८मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४मध्ये माणसांचं औषध झालं. नावातलं 'वॉर्फ' ही इथल्या विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानची आद्याक्षरं.

आईच्या हृदयातली कृत्रिम झडप ज्या गोळीवर चालते, ती हीच. तिचा गुण म्हणजे रक्त गोठू न देणं, आणि धोकाही तोच. म्हणून तर तुम्ही आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, वहीत लिहिता, तो अडीच ते साडेतीनमध्ये राहिला की खाली रेघ मारता आणि मेथी-पालक मोजून आणता. त्या गोळीसोबत तिचं अर्धं सत्य गाळून कुणी दिलं असतं, तर आई आज नसती.

इमारतीसमोर उभी असताना वाटलं, तो शेतकरी, सिनेमातली कार्ली आणि तुम्ही, तिघांनी एकच काम केलं. कुणाला नको असलेली बातमी गाडीत, बॅगेत घालून, जिथे ती ऐकली जाईल अशा दारापर्यंत नेली. कार्लसनला दार उघडं मिळालं. कार्लीला तिच्या दिग्दर्शिकेनं उघडून दिलं. तुम्हाला नांदेडची बस मिळाली. पण मिरजेच्या किती घरांत तुमच्या वाक्यामुळे ती गोळी गेली नाही, हे कुणी मोजलेलं नाही.

त्या दिग्दर्शिकेपाशी दहा वर्षं होती आणि तिनं त्यांचा सिनेमा केला. तुमच्यापाशी अठ्ठावीस आहेत. निघताना माळ्याखाली तुमच्या कॉलच्या डायऱ्या सुतळीनं बांधलेल्या पाहिल्या होत्या, रद्दीवाल्यासाठी. सुतळी सोडून ठेवा. रद्दीवाला आला तर त्याला वर्तमानपत्रं द्या. मी ९ जुलैला येते आहे. मग आपण २००१ सालची आधी उघडू.

आईचा मंगळवारचा आकडा कळवा.

तुमची धाकटी