दोन पाकिटं, एक भोपळा आणि आठ माणसं

जोयडा तालुक्यातल्या आमच्या रामनगरात खाणं घरपोच आणणारी ॲप काही कामाची नाहीत. त्यामुळे शहरातल्या मुलांना रोज दिसणाऱ्या ‘आजच्या आज निम्म्या किमतीत’ वगैरे जाहिराती आम्ही नुसत्याच वाचतो. पण सेल आणि कूपन आमच्याही कामाला येतात. फक्त हिशेब जरा वेगळा करावा लागतो. गेल्या दिवाळीत तो आम्ही केला, आणि तो का करावा लागला हेही सांगते.

बाबा गणेशगुडीला पर्यटकांची जीप चालवतात. जीप मालकाची. पावसाळ्यात काळी नदीवरचे पाण्यातले खेळ बंद असतात, पर्यटक कमी, त्यामुळे चार महिने घर ओढत न्यावं लागतं. हंगाम पुन्हा सुरू होतो न होतो तोच दिवाळी येते. 2025 च्या दिवाळीत पुण्याहून आत्या आणि तिची दोन मुलं येणार होती. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. त्यानं आईला आधीच बजावलं होतं, “ते आल्यावर मुडलीची भाजी आणि भाकरी करू नकोस. त्यांना पास्ता आवडतो.” मुडली म्हणजे आमच्याकडचा अळकुडीच्या जातीचा मोठा कंद. जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे कुणबी बायकांनी आणलेले हे कंद बघायला लांबून लोक येतात. पण नववीतल्या मुलाला त्याचं काय!

बाबांनी ठरवून टाकलं की सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं. आठ माणसं, माणशी तीनशे धरले तरी 2,400 रुपये, डिझेल वेगळं. त्यासाठी मालकाकडून तीन हजारांची उचल घ्यायची. उचल म्हणजे हंगामाच्या पहिल्याच महिन्याचा पगार कापून येणार. आई काही बोलली नाही, पण मला ते पटेना. मी भावाला म्हटलं, “पास्ता घरीच करू. पण खरेदीचा हिशेब तू ठेवायचा.”

मी बेळगावला कॉलेजात शिकते आणि दर पंधरा दिवसांनी लोंढा-खानापूरमार्गे घरी येते. जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचं शून्य तिकीट मिळतं. खरं सांगायचं तर आमच्या जेवणातलं सगळ्यांत मोठं कूपन तेच. नाहीतर शंभराची सूट आणायला तेवढंच भाडं गेलं असतं. मुद्दाम पास्त्यासाठी शहरात जायचं नाही, येता-जाता आणायचा, हा आमचा पहिला नियम झाला.

दुकानात उभी राहून मी फोनवर भावाला एकेक ऑफर सांगत होते आणि तो वहीत आकडे मांडत होता. ‘20 टक्के जादा’ लिहिलेलं पाकीट त्याला 20 टक्के स्वस्त वाटलं. मांडल्यावर कळलं की शंभर ग्रॅमच्या पैशात एकशेवीस ग्रॅम मिळणं म्हणजे सूट साधारण पावणेसतरा टक्क्यांचीच. त्यापेक्षा अर्ध्या किलोची दोन पाकिटं, दुसरं निम्म्या किमतीत, ही ऑफर बरी निघाली. 95 आणि साडेसत्तेचाळीस, म्हणजे 143 रुपयांत किलोभर पास्ता. किंमत बघताना छापील तारीखही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून पास्त्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. म्हणजे 112 रुपयांची वस्तू 105 ला यायला हवी. जुन्या छपाईचं पाकीट असेल तर नवा दर लावलाय का, हे विचारायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट. पाकिटावर ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असेल तेच घ्या. मैद्याचा पास्ता थोडा स्वस्त पडतो, पण जास्त माणसांसाठी आधी उकडून ठेवला की गिचका होतो. आपला बन्सी गहू हा ड्युरमच. म्हणून तर पाकीट हातात घेऊन आजी म्हणाली, “ही आपली शेवईच की, जरा जाड.”

चीजचा 200 ग्रॅमचा ठोकळा 130 चा 98 ला मिळाला, कारण वापरायची तारीख पाच दिवसांवर होती. आम्हाला तो दोन दिवसांत संपवायचाच होता. आता कूपन. पाचशेच्या वर खरेदी केली तर 75 रुपये सूट. माझं बिल 241 झालं होतं. भाऊ फोनवर ओरडला, “मेयोनीज घे, चिप्स घे, चॉकलेट घे!” मी म्हटलं, मांड वहीत. 75 वाचवायला 259 घालायचे, म्हणजे खिशातून 184 जादा जाणार. त्याऐवजी आईच्या महिन्याच्या यादीतलं लिटरभर तेल आणि किलोभर तूरडाळ घेतली. 511 झाले, भरले 436. ती सूट पास्त्याच्या खात्यात धरायची की किराण्याच्या, यावर आमचं भांडण झालं. शेवटी किराण्याच्या खात्यात गेली.

बाकीचं घरचं आणि बाजारचं. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले होते, तेव्हा आईनं लाल भोपळ्याचा सॉस करून पाहिला होता. तोच केला. भोपळा गोठ्यावरच्या वेलाचा. फोडी, कांदा आणि लसूण कुकरला तीन शिट्ट्या देऊन मिक्सरमधून काढायचं. कढईत तेलावर किलोभर टोमॅटो मऊ करायचे, त्यात हे वाटण, मिरचीपूड, मीठ, अर्धा लिटर दूध. ओरेगॅनोऐवजी ओवा हातावर चुरडून घाला, वास बराचसा तसाच येतो. ढोबळी मिरची वेगळी परतायची, म्हणजे करकरीत राहते. पास्ता उकडलेलं पाणी टाकू नका, दोन-तीन डाव सॉसमध्ये घाला, सॉस पास्त्याला धरतो. चीज सगळ्यात मिसळलं तर कुठे गेलं कळतही नाही. वाढताना ताटावर किसायचं, माणशी 25 ग्रॅम.

भोपळा बघून आत्येभावानं नाक मुरडलंच. पण इटलीतल्या मांतोव्हा भागात भोपळा भरलेला पास्ता ही जुनी खासियत आहे, हे भावानं आधीच शोधून ठेवलं होतं. ते त्यानं असं ऐकवलं की पुढे वाद उरला नाही. पातेलं पुसून खाल्लं गेलं.

वहीतला हिशेब असा: पास्ता 143, चीज 98, टोमॅटो 30, कांदा-लसूण 30, ढोबळी मिरची 30, दूध 23, तेल-मसाला 30. एकूण 384. माणशी 48 रुपये. बाबांनी वही दोनदा वाचली आणि उचलीचा विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं स्वतःच मुडलीची भाजी करायला लावली. ती तिच्या माहेरची, तिला ती पुण्यात मिळत नाही.

भाऊ अजून शाळेत मित्रांना ‘आम्ही घरीच केलं’ असं सांगत नाही. पण वही त्यानं चालू ठेवली आहे. तुम्हीही एक महिना ठेवून बघा. त्यात घरात लागणाऱ्या, न नासणाऱ्या वस्तूंची यादी आधी लिहा, आणि कूपन हाताशी आलं की त्या यादीतूनच भरा.