पाळण्यातली नावं

जुन्नर,
फाल्गुन

चि. छकुलीस,


बाळंतिणीने फोनवर फार बोलू नये म्हणून परवा मीच फोन ठेवला. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. शिवनेरीचा व्हिडिओ पाहून तू म्हणालीस, "आत्या, सगळ्या बायका हसतायत, पाळणा हलवतायत, आणि तू एकटीच पदराने डोळे का पुसतेस?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही.

दरवर्षी १९ फेब्रुवारीला आम्ही पहाटेच गड चढतो. नऊवारी, नथ, डोईवर पदर. सात दरवाजे ओलांडेपर्यंत गुडघे बोलायला लागतात. शिवाईला कुंकू वाहायचं आणि शिवरायांच्या जन्मस्थानाच्या इमारतीपाशी जायचं. खालच्या दालनात पाळणा फुलांनी सजवलेला असतो. एकीने दोरी धरायची, बाकीच्यांनी सूर. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय, असं करत बाराव्या दिवशी नाव ठेवायचं. घरच्या बारशाला म्हणतो तीच चाल, तसाच 'जो जो'. हा पाळणा कुणी रचला हे विचारायचं नसतं. प्रत्येक गावच्या बायका त्यात आपलं एखादं कडवं घालतात आणि पुढे जातात.

त्या पाळण्यात सोन्याची साखळी असते, रेशमाची दोरी असते. जे नसतं, त्याने माझे डोळे भरतात. शिवरायांचा जन्म १६३० चा. त्याच्या आदल्याच वर्षी, १६२९ मध्ये, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव देवगिरीवर निजामशाहीच्या दरबारात मारले गेले. त्यांच्याबरोबर मुलगेही गेले, नातूही गेला. बाळंतपणाला बाई माहेराकडे डोळे लावते, आणि इथे माहेराच्या तीन पिढ्या एका दिवसात कापल्या गेलेल्या. पुढे १६३० मध्येच दख्खनला भयंकर दुष्काळाने गाठलं. अशा दिवसांत त्या गडावर पाळणा हलला. गाणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं. त्या म्हणत नाहीत इतकंच. आपल्याकडे बारशाला रडायचं नाही असा दंडक आहे. मी तो मोडते, एवढाच माझा गुन्हा.

गडावर उभं राहिलं की कुकडीपलीकडे लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. तिथली लेणी मूळची बौद्ध भिक्षूंची. त्यांतल्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज बसला आहे. गिरिजेचा आत्मज, म्हणजे पार्वतीचा मुलगा. मूल व्हावं म्हणून तिने इथेच तप केलं, असं आपण मानतो. अष्टविनायकांत आईच्या नावाने ओळखला जाणारा हा एकटाच, हे तुझ्या आजीने मला पायऱ्या चढताना सांगितलं होतं. दर दहा पायऱ्यांना थांबायची, आणि थांबली की एक गोष्ट सांगायची.

आता नाणेघाट. तू कॉलेजात असताना पावसाळ्यात मित्रमैत्रिणींबरोबर गेली होतीस, धबधब्याचे फोटो काढलेस. पण घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं होतंस का? सातवाहनांनी तिथे आपल्या घराण्याचे पुतळे कोरवले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा फॅमिली फोटोच म्हण. सिमुक, सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका, राजकुमार, एक महारठी. आज त्या माणसांतलं कुणीच उरलेलं नाही, पायांच्या खुणा तेवढ्या आहेत. पण प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव कोरलं होतं, त्यातली बरीच अजून वाचता येतात. चेहरे गेले आणि नावं राहिली. बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचा हिशेब आहे. तो लेख नागनिकेचाच मानतात. राणीने हिशेब चोख ठेवला होता!

तो लेख पाहून मी घरी आले आणि तुझ्या बाबांना सहज विचारलं, "आपल्या आजीचं माहेरचं नाव काय रे?" त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. लग्नात नाव बदललं, आणि पुढे ती सगळ्यांची नुसती 'आई' झाली. सातबाऱ्यावर पणजोबा आहेत, खापरपणजोबा आहेत. तिचं मात्र कुठेच काही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची नागनिका मला नावाने ठाऊक आहे, आणि जिने मला मांडीवर घेऊन पाळणा म्हटला तिचं नाव मला येत नाही. गडावर दोरी हातात आली की हे आठवतं. झालं समाधान?

आता कामाचं. बाळाचं बारसं तिकडे कराल तेव्हा बर्फ असो की काही असो, घुगऱ्या कर. हरभरे आदल्या रात्री भिजत घाल, कॅनमधले नकोत. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहा आणि आधी वरवंटा फिरवा. कानात 'कुर्र' तुझ्या नणंदेनेच करायचं, तो तिचा मान. तुझ्या कानात मी केलं होतं आणि पाठीत असे धपाटे खाल्ले होते की दोन दिवस पाठ दुखत होती.

पाळणा मी फोनवरून म्हणेन. नेहमीची कडवी झाली की एक माझं घालणार आहे, नुसत्या नावांचं. बाळाचं नाव, मग तुझं, तुझ्या आईचं, तिच्या आईचं. लग्नाआधीची सगळी. तुझ्या सासूबाईंना विचारून त्यांच्याकडचीही पाठव, ओळी लांबल्या तरी चालतील, चाल मी सांभाळून घेईन. आमच्या आजीच्या जागी मात्र मी नुसतं 'जो जो' म्हणणार आहे. तिथे थांबले तर फोन लागत नाही असं समजू नकोस.

डिंकाचे लाडू कुरिअरने पाठवले आहेत. रोज एक खा.

तुझी,
आत्या