दादाची तेवीस मिनिटे

माळा झाडताना माझ्या दिवंगत दादाची एक फ्लॉपी सापडली. उसन्या यंत्रावर ती वाचता आली. पण तिच्यातला खेळ जुन्या डॉस प्रणालीचा. माझा नवा संगणक त्याला ओळख देईना! मग डॉसबॉक्स हा प्रोग्राम घेतला. बहुरूप्याप्रमाणे तो जुन्या संगणकाचे सोंग आणतो. खेळाला वाटते, आपण आपल्याच घरी आहो. पाहतो तो, १९९० सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’! राजकन्येच्या सुटकेस ६० मिनिटांची मुदत. दादाने सहाव्या टप्प्यावर खेळ जतन केला, तेव्हा २३ उरली होती. मी खेळलो, खिळ्यांच्या खड्ड्यात पडलो. पुन्हा उघडले, २३ मिनिटे जशीच्या तशी. जतन केले, तर दादाच्या जागी माझी मिनिटे नोंदली जातील. ती कळ मी अद्याप दाबलेली नाही.