तापलेले आणि उकळलेले

गेल्या श्रावणातली गोष्ट. शहापुरातल्या आमच्या गल्लीत केबलसाठी खड्डा खणताना पाण्याची मोठी वाहिनी फुटली. रस्त्यावर ओढा वाहत होता आणि घरातला नळ मात्र कोरडा ठणठणीत! तिसऱ्या दिवशी वाहिनी जोडली गेली. नळाने आधी नुसते फुत्कार टाकले, मग चहाच्या रंगाचे पाणी आले, आणि तासाभराने नेहमीचे, राकसकोपचे, स्वच्छ दिसणारे पाणी.

ताई बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. आजीने फर्मान काढले, "दोन आठवडे उकळल्याबिगर पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडात जायचा नाही." पाणी उकळण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात बी.एस्सी.ला शिकणारा मी एकटाच!

पहिला दिवस मी इमानाने काढला. दुसऱ्या दिवशी पातेल्यातून वाफ दिसताच गॅस बंद केला. सिलिंडर वाचला, अभ्यासाला वेळ मिळाला, आणि पाणी तर काचेसारखे नितळ होते. पलीकडच्या कन्नड अज्जी खिडकीतून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "कासिद्र सालंगिल्लप्पा, कुदिसबेकु." नुसते तापवून भागत नाही बाबा, उकळायला हवे. मी हसून मान डोलावली आणि तेच पातेले माठात ओतले. आजीने आतून विचारले, "उकळलं काय रे?" मी म्हणालो, "उकळलं की!"

ऐन नवरात्रात माझे डोळे पिवळे झाले. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी कावीळ हेपेटायटिस ई विषाणूची असल्याचे सांगितले. ती दूषित पाण्यातून येते, आणि विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. तोवर फुटलेली वाहिनी कोणाच्या लक्षातही नसते! माझी कावीळ त्याच पाण्याने झाली असे छातीठोकपणे सांगता येत नाही. बाहेरची पाणीपुरीही मी सोडलेली नव्हती. पण पुढचे वाक्य ऐकून माझे पाय लटपटले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. ताईला तेव्हा नववा लागला होता.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी वाचत गेलो. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती याच विषाणूची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या गल्लीतले गणित त्याहून साधे. वाहिनी भरलेली असते तेव्हा आतल्या दाबाने पाणी बाहेर झिरपते. ती फुटून दाब गेला की त्याच फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. म्हणून दुरुस्तीनंतरचे गढूळ पाणी आधी वाहू द्यावे. टाकीत चढले असेल तर टाकी उपसून, घासून, धुऊन घ्यावी. तुरटीने गाळ खाली बसतो, चौपदरी फडक्याने कचरा अडतो. पण विषाणू दोन्हींना भीत नाही. पाणी खदखदू लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळायचे, आणि झाकून त्याच भांड्यात निवू द्यायचे. इंधन नसेल तर गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून निदान अर्धा तास थांबायचे. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे हवे. माठात बोटे बुडवली की सारी मेहनत पाण्यात!

हे सगळे वाचूनही झोप येईना. शेवटी एका रात्री आजीजवळ कबूल केले, "आजी, मी पाणी नुसतं तापवत होतो."

आजी शांतपणे म्हणाली, "ठाऊक होतं मला. माठातलं पाणी अर्ध्या तासात गार होतंय, म्हणजे ते काय उकळलेलं? ताईचं पाणी मी परसात चुलीवर वेगळं उकळत होते."

"मग मला का नाही बोललीस?"

"बोलायला पायजे होतं," आजी म्हणाली. "माझं चुकलंच की. तू शिकलेला, तुला काय सांगायचं, असं वाटलं."

त्या रात्री मला आजीच्या मनातल्या त्या आदराचीच लाज वाटली. उत्कलनबिंदूचा प्रश्न मी परीक्षेत पूर्ण गुणांनी सोडवला होता. तापणे आणि उकळणे यांतले अंतर मात्र ज्या दोघींना कळले होते, त्यांतली एकही कॉलेजात गेलेली नव्हती.

दसऱ्यानंतर ताई सुखरूप बाळंत झाली. मुलगा. आता तो सहा महिन्यांचा आहे आणि त्याला वाटीने पाणी पाजू लागले आहेत. ते उकळण्याचे काम मी मागून घेतले आहे. बुडबुडे येईपर्यंत, आणि नंतर घड्याळात एक मिनिट होईपर्यंत, मी पातेल्यापासून हलत नाही. खिडकीतून अज्जी अजून विचारतात. मी ओरडून सांगतो, "कुदीतु अज्जी, कुदीतु!"

आता ते खरे असते.