रिकामे ताट

दिवाळीच्या पहिल्या दिवशी शेजारच्या घरून आमच्याकडे एक ताट येते. ताटात चिवडा, चकल्या, दोन करंज्या आणि बेसनाचे लाडू. वर क्रोशाचा रुमाल. आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसते. पण फराळाला धर्म विचारण्याची रीत आमच्या गल्लीत कधीच नव्हती. नाताळात आमच्याकडून त्यांच्याकडे असेच ताट जाते. मात्र त्यांचे ताट तोवर ठेवून घ्यायचे नाही. घासूनपुसून ते दुसऱ्याच दिवशी परत करायचे, आणि परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामे ताट परत करू नये, ही माझ्या आजीची शिकवण.

आता, ही शिकवण कोणत्या आजीची नसते? पण माझ्या आजीने ती शास्त्रातल्या एका कथेशी बांधून ठेवली होती.

आजी १९०० सालच्या दुष्काळातली पोर. वय असेल सहा वर्षांचे. आईबाप गेले आणि कोणा गाडीवानाने तिला आपल्या बैलगाडीत घालून स्टेशनापर्यंत आणले. तिथून ती केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात पोहोचली. त्या गाडीवानाचे नाव तिला कधीच कळले नाही. मुक्तिसदनात ती अक्षरे शिकली, आणि पुढे तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवू लागली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईलाही कळावे असे सोपे मराठी त्यांना हवे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याची छपाई मुक्तीतल्या बायकामुलींनीच केली. आजी म्हणायची, "मी शास्त्र आधी उलटं वाचलं, मग सुलटं." खिळ्यावरचे अक्षर उलटे असते ना!

त्या आवृत्तीची एक प्रत आजीजवळ होती. पाने पिवळी, पुठ्ठा दोऱ्याने शिवलेला. रात्री जेवणे उरकली की कंदिलाजवळ शास्त्रपाठ होई आणि मग प्रार्थना. लूकच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायात समासात आजीने शिसपेन्सिलीने तीनच शब्द लिहिले होते : "नऊ कामात होते."

कथा सर्वांना ठाऊक आहे. दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून येशूची करुणा भाकतात. तो त्यांना म्हणतो, जा आणि याजकांना दाखवा. वाटेतच ते बरे होतात. त्यांतला एक परत फिरतो, मोठ्याने देवाचे गौरव करीत येशूच्या पाया पडतो. तो असतो शोमरोनी, म्हणजे परका. मग येशू विचारतो की बाकीचे नऊ जण कुठे आहेत?

आमच्या रविवारच्या शाळेत ते नऊ जण कृतघ्न म्हणून वाईट ठरत. आजीला ते पटत नसे. ती म्हणे, "अरे, त्यांना 'जा' असंच सांगितलं होतं. ते गेले. यात त्यांचं काय चुकलं?" आणि मग ती लेवीयाचे पुस्तक उघडून दाखवी. कुष्ठ बरे झालेल्या माणसाला शुद्ध ठरवायचे म्हणजे केवढा खटाटोप! दोन जिवंत पाखरे हवीत, गंधसरूचे लाकूड हवे. त्यातले एक पाखरू मारायचे, दुसरे रानात सोडायचे. कपडे धुवायचे, सर्व केस काढायचे, सात दिवस घराबाहेर राहायचे आणि आठव्या दिवशी अर्पण न्यायचे. शिवाय घरी बायकापोरे वाट पाहत असतील. "वाईट नव्हते रे," आजी म्हणे, "कामात होते. आणि कामातल्या माणसाला आपण कृतघ्न आहोत हे कळतसुद्धा नाही."

हे वाक्य माझ्याच अंगाशी येणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते!

१९६८ साली मी अकरावीत होतो. वडिलांची नोकरी नुकतीच सुटली होती, आणि एस.एस.सी.च्या फॉर्मचे पैसे घरात नव्हते. गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचे दुकान होते. आम्ही सगळी मुले त्यांना काका म्हणत असू. त्यांना कुठून कळले कोण जाणे. त्यांनी मला हाक मारली, गल्ल्यातून मोजून पैसे हातावर ठेवले, आणि परीक्षेला घालायला म्हणून उरलेल्या कापडाचा एक सदराही शिवून दिला. "पास झालास की सांग," एवढेच म्हणाले.

मी पास झालो. निकालाच्या गडबडीत सांगायचे राहिले. पुढे मुंबईला नोकरी लागली. पहिल्या पगारात काकांना धोतरजोडी घ्यायची असे ठरवले, आणि ती दुसऱ्या पगारावर गेली. मग लग्न, खोली, पागडी. नगरला सुटीत जायचो तेव्हा दोनच दिवस हाताशी असायचे. पण मी त्यांना विसरलो नव्हतो, हे शपथेवर सांगतो. रोज रात्री उपकारस्तुती करताना मी त्यांचे नाव घेत असे. त्यामुळे मन कसे स्वस्थ राही!

१९७६ साली आजी अंथरुणाला खिळली. मी जवळ बसलो होतो. तिने विचारले, "काकांकडे जाऊन आलास?"

मी म्हणालो, "रोज प्रार्थना करतो त्यांच्यासाठी."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "देवाला सांगितलंस, बरं केलंस. पण देवाला आधीच ठाऊक होतं. काकांना ठाऊक नाही."

आजी गेली. तरीही मला काकांच्या दारी जायला आणखी तीन वर्षे लागली. १९७९ च्या दिवाळीत धोतरजोडी घेऊन गेलो, तेव्हा दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. काका आदल्या उन्हाळ्यातच वारले होते. काकूंनी मला ओळखले, बस म्हणाल्या, समोर फराळाचे ताट ठेवले. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. त्या सहज म्हणाल्या, "हे नेहमी विचारायचे हो, तो पोरगा पास झाला का म्हणून."

अकरा वर्षे! गल्लीत कोणालाही विचारले असते तर काकांना ते कळले असते. पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचे होते. त्यांना ना पैसे परत हवे होते, ना धोतरजोडी. त्यांना फक्त बातमी हवी होती. तो लाडू माझ्या घशाखाली उतरेना.

त्या दिवशी मला येशूचा प्रश्न प्रथमच नीट ऐकू आला. नऊ जण कुठे आहेत, हे तो त्यांना शिक्षा करण्यासाठी विचारत नव्हता. काका विचारत होते तसाच तो विचारत होता. आणि मी रोज प्रार्थना करीत असूनही त्या नऊ जणांतलाच होतो. माणसाचे देणे मी देवाच्या खात्यावर लिहून मोकळा झालो होतो.

त्या कथेचा शेवट मात्र माझ्यासारख्याला धीर देणारा आहे. पाया पडलेल्या माणसाला येशू तिथेच बसवून घेत नाही. ऊठ, आपल्या वाटेने जा, असे सांगतो. म्हणजे परत फिरणे हे वाट सोडणे नव्हे. वाट तिथूनच खऱ्या अर्थाने सुरू होते. कामे राहतातच, पण आता ती करणारा माणूस वेगळा असतो. देवामागे चालणे म्हणजे फार मोठे काही असेल, अशी माझी तरुणपणी समजूत होती. आता वाटते, ज्याने हात दिला त्याच्याकडे वेळेवर वळून पाहणे, एवढे साधले तरी पाऊल बरोबर पडते.

काकू होत्या तोवर दर दिवाळीला मी जात राहिलो. आता त्यांच्या मुलाकडे जातो. आजीचे बायबल माझ्याजवळ आहे. समासातली शिसपेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते. रात्रीची उपकारस्तुती अजून चालते; फक्त तिच्या आधी मी एकदा मनाशी विचारतो, आज कोणाला सांगायचे राहिले?

शेजारचे ताट घासून ओट्यावर पालथे घातले आहे. उद्या सकाळी त्यात साखर घालायची. आणि या वर्षी ते मी स्वतः नेऊन देणार आहे.