कात्री कुठली घेऊ?

निवृत्त माणसाला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. गुडघ्याला कुठले तेल चोळावे इथपासून ठेव कुणाच्या नावावर ठेवावी इथपर्यंत सगळे जग त्याला सांगत असते, आणि हाताशी वेळ असल्यामुळे तोही ऐकून घेतो. पण ‘ड्रोनचे चित्रण कापायला नवशिक्याने कुठले सॉफ्टवेअर घ्यावे?’ हा प्रश्न मी सोसायटीच्या कट्ट्यावर टाकला, तेव्हा गुडघेवालेसुद्धा तेल सोडून पुढे सरसावले.

आधी ड्रोनचे सांगतो. मुलीने निवृत्तीच्या दिवशी दिला. वजन २४९ ग्रॅम. पाव किलोला एक ग्रॅम कमी! वाण्याने असे माप दिले असते तर आमच्या सौ.ने त्याला दुकानात उभे केले असते. पण इथे तो ग्रॅम मुद्दामच कमी ठेवतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ ठरतो आणि उडवणाऱ्याला चालकाचा परवाना लागत नाही. एस.टी.च्या अर्ध्या तिकिटासाठी पोराचे वय कमी सांगावे, तसला हा हिशेब.

आता मूळ मुद्दा. राजापूर तालुक्यातले आमचे घर दिवाळीनंतर पाडायचे ठरले होते. आढे पावसाने गेले होते, वाटण्या झाल्या होत्या, सगळ्यांच्या सह्याही झाल्या होत्या. थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनीही केली. वय ८६, मुक्काम पुण्यात, खुब्याचे हाड मोडल्यापासून पलंगावर. सही करून पेनाला टोपण लावताना एवढेच म्हणाले, “पाडायच्या आधी एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.” मी भावंडांतले शेंडेफळ; अण्णांच्या कडेवरून ते घर पाहिलेला. ड्रोन घेऊन गेलो आणि चाळीस मिनिटांचे चित्रण करून आलो. पाडणारे तीन आठवड्यांनी येणार होते.

चाळीस मिनिटे म्हणजे किती? या कॅमेऱ्याचे एक मिनिट पाऊण जीबी खाते. सगळे मिळून तीस जीबी. त्यात पस्तीस मिनिटे नारळाचे शेंडे. हे सबंध कुणाला दाखवणे म्हणजे पूर्वी लोक पाहुण्यांना पोहे देऊन लग्नाची अख्खी कॅसेट दाखवत, तसलाच छळ. म्हणून कात्री हवी.

माझा भाचा लग्नाचे व्हिडिओ करतो. तो म्हणाला, “मामा, डोळे मिटून प्रीमियर प्रो घ्या.” त्याला दरमहा वर्गणी असते. दूध, पेपर आणि वाय-फाय यांच्या रांगेत पेन्शनरने कात्रीचेही भाडे भरायचे? वरच्या मजल्यावरचे इंजिनियर म्हणाले, “फायनल कट प्रोसारखं दुसरं नाही.” ते ॲपलच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा घ्या. तिसरे म्हणाले, “दाविंची रिझॉल्व्ह. फुकट!” फुकट हा शब्द ऐकल्यावर मी ते त्याच रात्री उतरवून घेतले.

चीज आहे, यात शंका नाही. मोठमोठ्या सिनेमांचे रंग त्यात ठरतात, आणि फुकटच्या आवृत्तीतूनही फोर-के चित्रण बाहेर काढता येते. कापायला एक दालन, रंगाला दुसरे, आवाजाला तिसरे. माझ्या लॅपटॉपने मात्र आल्या पाहुण्याला पाणीही विचारले नाही. पाहुण्याला १६ जीबी मेमरी लागते, याच्याकडे ८. पंखा असा घरघरायला लागला, की आता हाच उडतो की काय! पडद्यावर एक नारळ पडायला निघाला होता, तो मध्येच हवेत थांबला. मी चहा करून आलो तरी तो तिथेच.

हे असे का होते, याचा शोध मात्र मी बँकेतल्या छत्तीस वर्षांच्या जोरावर लावला. ड्रोन जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. एक चित्र पूर्ण, आणि पुढची कित्येक ‘वरीलप्रमाणे, फक्त झावळी हलली’ अशी. अशा खातेवहीत मधलीच नोंद काढायची म्हणजे बिचाऱ्या लॅपटॉपला मागे जाऊन मूळ रक्कम शोधायची आणि तिथपासून बेरीज करत यायचे. त्यावरचा उपायही बँकेचाच निघाला. त्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. मूळ चित्रणाच्या हलक्या नकला करायच्या, सगळी काटछाट त्यांच्यावर करायची, आणि शेवटी सॉफ्टवेअर आपण होऊन मूळ कागद पुढे घेते. झेरॉक्सवर टिपणे, सही अस्सल कागदावर. ही सोय नसलेली कात्री ड्रोनवाल्याने जुन्या लॅपटॉपवर घेऊच नये.

पण खरा प्रश्न विचारला तो इस्त्रीवाल्याच्या मुलाने. पोरगा अकरावीत आहे, रील करतो. “काका, बघणार कोण? आणि कशावर?”

एवढ्या सल्लागारांत हे कुणीच विचारले नव्हते! बघणार अण्णा. मोतीबिंदूचे डोळे, भिंतीवरचा जुना टीव्ही, पेन ड्राइव्ह लावून. तो टीव्ही फोर-के दाखवतच नाही. पोरगा म्हणाला, “मग तर मजाच आहे. तुमचं चित्र त्याच्या चौपट आहे. हवा तेवढा तुकडा कापून मोठा करा, फाटणार नाही.” म्हणजे उंचावरून घेतलेल्या कौलांतून मला तुळशीपर्यंत खाली उतरता येणार होते.

मग चित्रणातले एकच मिनिट घेऊन मी चार कात्र्यांना वाटून दिले. हीच परीक्षा: त्याच मिनिटाची नक्कल करा, तुकडा मोठा करा, खाली दुसरा आवाज जोडा आणि बाहेर काढा. एक बंद पडली. एकीने काम चोख केले, पण चित्राच्या कोपऱ्यात स्वतःच्या नावाचा शिक्का मारला आणि तो पुसायचे पैसे मागितले. फोनमधल्या एकीने न विचारताच सगळे जुळवले: पंधरा सेकंदांत आमचे पडके घर ढोलाच्या ठेक्यावर गरगर फिरले! उरले शॉटकट. फुकट, शिक्का नाही, रूपाने बेताचे, पण सांगितले तेवढे करते. आमच्या शाखेत असा एक हेडक्लार्क होता.

आवाजाची गोष्ट निराळी. माझ्या ड्रोनला डोळा आहे, कान नाही. असता तरी पंख्यांच्या भणभणाटापलीकडे काय ऐकू आले असते! भाच्याने बासरी सुचवली. पण शेजारच्या वहिनी विहिरीवर पाणी काढत होत्या, तेव्हा सौ.ने फोनवर रहाटाची करकर धरून ठेवली होती. तीच घातली.

अकरा मिनिटांचा ऐवज घेऊन पुण्याला गेलो. पाडायला चार दिवस होते. सुरुवातीला मी १२० मीटरवरून घेतलेला समुद्र ठेवला होता; सूर्य, गलबत, सगळे साग्रसंगीत. अण्णांनी दीड मिनिट सहन केले.

“समुद्र काप रे. तो कुठे जातोय?”

कापला. मग आंगण आले, रहाट करकरला, आणि त्यांनी हात वर केला. “थांबव. ती धुण्याची दगडी… जरा जवळ घे.” जवळ घेतली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “विहीर वाढव.” तिथेच लॅपटॉप उघडून बसलो. समुद्र गेला, सूर्य गेला, विहीर दोन मिनिटांची चार मिनिटांची झाली. वहिनी तीच तीच कळशी पुन्हा पुन्हा भरत होत्या, पण त्याबद्दल तक्रार आली नाही.

परसात एका जागी त्यांनी पुन्हा थांबवले. “आणि फणसाखाली तो टकल्या कोण उभा आहे? तोही काप.”

“अण्णा, मीच तो. ड्रोन उडवतोय.”

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

“मग राहू दे.”