अंबाडीची रात्र

मागच्या पौषात आई रात्री पाणी प्यायला उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, ती घरी आली. पण त्या रात्रीपासून तिनं अंधाराशी अबोला धरला. सेलूच्या आमच्या घरात मधल्या खोलीतली ट्यूब तेव्हापासून रात्रभर जळायला लागली. कुणी चुकून बटणाकडं हात नेला तरी आतून हाक यायची, "राहू दे रं."

उन्हाळा तिनं खाटेवर पडून आढं मोजण्यात काढला. मृग बरसला, खिडकीतून ओल्या मातीचा वास आला, आणि मी जणू पाभर जुंपूनच उभा आहे अशा थाटात ती म्हणाली, "कापसात एखादं तास अंबाडीचं टाक." शेत कधीचं बटाईनं दिलेलं. अंगणात फरशी झालेली. गच्चीवर काही लावावं, तर वानरांची टोळी सकाळच्या रेल्वेपेक्षाही वेळेवर हजर. मग मोंढ्यातून मूठभर बी आणलं, चार पिशव्यांत काळी माती आणि शेणखत भरलं आणि आईच्या खिडकीखाली ठेवून दिलं. खोलीतली शेती अशी सुरू झाली.

चौथ्या-पाचव्या दिवशी रोपं वर आली आणि आठवड्यात लांब मानेच्या बगळ्यांसारखी खिडकीकडं वाकली. आपल्याला वाटतं, खोलीत उजेड आहे की. डोळा इथं फसवतो. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. खिडकीपासून चार पावलं आत आलं की त्यातला काही शेच उरतो. आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळा सरावतो आणि ती तूट जाणवत नाही. झाडाला बाहुली नसते. ते बिचारं मान लांबवतं. म्हणून मी रोपांच्या वर हातभर अंतरावर एलईडीचा पट्टा टांगला. आईला आनंदच झाला. एकाच्या जागी दोन दिवे! दोन्ही रात्रभर चालू.

उजेडाचं भागलं, आता जेवणाचं. आमच्याकडं आग्रह हा पाहुणचाराचा कणा. ताटावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून वाढणारी माणसं आम्ही. कृषी सेवा केंद्रातून 19:19:19 ची पुडी आणली. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या वाट्यानं, पाण्यात विरघळणारं. पुडीवर लिहिलेल्या मापाला 'एवढंसंच?' म्हणून दीडपट केलं. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी, तेही बोअरचं. पंधरा दिवसांत पानांची टोकं करपली, पिशवीच्या कडेला पांढरा क्षार जमला आणि खालची पानं मलूल झाली. मी समजलो, तहान लागली असेल. आणखी पाणी घातलं.

"बुडवायलास तिला," आई खाटेवरून म्हणाली. "बोट घालून बघ की मातीत."

बोट घातलं. आत चिखल. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे शाळेत शिकलो होतो. पण पोटभर घातलं म्हणजे माया केली, हे त्याहून आधी शिकलो होतो. मातीत क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं वाळतं. शेतातली अंबाडी असा अतिरेक सहन करते. जादाचं पाणी खाली झिरपतं आणि मुळं हवी तिकडं जातात. पिशवीतल्या झाडाला जायला दुसरं रान नसतं. आपण वाढू ते ताट आणि आपण ठरवू ती पंगत. घरात आणलेल्या झाडाची सगळी पराधीनता एवढ्यातच आहे. खाटेवरच्या माणसाचीही. दुपारी आईच्या ताटात तिसरी पोळी ढकलताना माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा थबकला.

मग चुलीपुढच्या पोरीसारखं मी तिच्याकडून एकेक शिकत गेलो. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी झाली तरच पाणी. पिशवीच्या तळाशी भोकं. खत निम्मं, तेही आठवड्यातून एकदा. पावसाचं पाणी घागरीत धरून ठेवायचं, कारण ते गोडं. आणि पानं वाचायची. सगळ्यात खालचं, जुनं पान पिवळं पडलं तर नत्र कमी. झाड त्या पानातलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानाला पाठवतं. वरचं नवं पानच पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह मिळत नाही. आमच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह असतं खरं, पण ते मुळांना सहजी लागू होत नाही आणि जुन्या पानातून नव्याकडं धाडताही येत नाही. काही गोष्टी आईच्या पदरातून लेकराला देता येतात, काही ज्याच्या त्यानंच मिळवाव्या लागतात. झाडाला हा हिशेब माहीत असतो. मला खालचं पिवळं पान खुडताना आता उगाच अपराधी वाटतं.

श्रावणात अंबाडी कमरेएवढी झाली. सुरुवातीची साधी पानं मागं पडून वर पंजे फुटले. पाच-पाच बोटांचे, कडेला करवतीचे दाते असलेले. आणि एके रात्री शेजारचा कॉलेजातला मुलगा दबक्या आवाजात मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, रागवू नका. रात्रभर लाईट, खिडकीत ते पान... लोक बोलायलेत. ते 'ते' तर नाही ना?"

मला हसू आवरेना. पण त्याचं चुकलं नव्हतं. 1759 मध्ये लिनियसनं अंबाडीचं शास्त्रीय नाव ठेवलं, तेच 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे भांगेसारखी दिसणारी जास्वंद. त्या चेहऱ्यापायी ही गरीब बाई अडीचशेहून जास्त वर्षं दुसऱ्याच्या नावानं ओळखली जाते. नातं मात्र काही नाही. अंबाडीचं माहेर जास्वंदीचं. कापूस, भेंडी ही तिची सख्खी भावंडं. सेलूच्या मोंढ्यात ज्याच्या गाड्या लागतात, त्या कापसाच्या घरची ही लेक. गांज्याचं कूळ निराळं. त्याची सरकारी चौकशीही केवढी मोठी झाली होती! 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारनं त्यासाठी एक आयोग नेमला आणि त्याच्या अहवालाचे खंडच्या खंड निघाले. पुढं 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानं त्याची घरगुती लागवड गुन्हा ठरवली. आजही कुठंतरी तुरीच्या ओळींत लपवलेली झाडं पोलीस उपटतात. मी त्या मुलाला एक पान तोडून दिलं. म्हटलं, चावून बघ. आंबट लागलं तसा त्याचा चेहरा उजळला. "ही तर भाजी!" दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी वाटीभर गेली, उकडून पिळलेली, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घातलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. गल्लीतला संशय भाकरीबरोबर खाल्ला गेला.

दसरा जवळ आला. बटाईदार शेतातून आला, तेव्हा त्याच्या हातात अंबाडीची एक फांदी होती. फिक्या पिवळ्या पाकळ्यांचं, पोटात गडद किरमिजी डोळा असलेलं फूल. आईनं ते उशाला ठेवलं. दुपारपर्यंत ते मिटलं. तिनं आमच्या पिशव्यांकडं पाहिलं. तिथं नुसती पानं, गर्द, तजेलदार, जाहिरातीतल्यासारखी. कळीचा पत्ता नाही.

"हिला का येईना फूल?"

मी खत वाढवायच्या विचारात होतो. जुनी खोड. मग वाचत बसलो, आणि उत्तर खतात नव्हतंच. 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी तंबाखूवर प्रयोग करून दाखवलं, की काही झाडं फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढं 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचं एक तण घेतलं आणि शोध उलटा करून मांडला: झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. अखंड रात्र. मध्येच काही मिनिटं दिवा लावला तरी मोजणी मोडते. अंबाडी याच जातकुळीची. सेलूत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. शेतातल्या अंबाडीनं भाद्रपदापासून लांबत जाणारी रात्र ओळखली होती. आमच्या खोलीत मृगापासून एकही रात्र झालीच नव्हती. चार महिने एकच दिवस. ती वाढत राहिली, कारण थांबायचं कधी, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. पिशव्या संध्याकाळी कोठीच्या खोलीत हलवतो, म्हणालो. ती बराच वेळ गप्प. बाहेर मनमाडकडं जाणाऱ्या गाडीची शिटी वाजून गेली.

"निजूच दिलं नाही म्हण की तिला," ती म्हणाली. आणि मग, भिंतीकडं तोंड करून, "इथंच राहू दे. दिवा घालव."

मी आधी वरचा पट्टा बंद केला. मग ट्यूब. तिचा हात खाटेच्या कडेला घट्ट धरलेला मला अंधारातही कळत होता. मी खाली सतरंजीवर आडवा झालो. उंबऱ्याच्या बाजूनं.

पहिल्या रात्री ती तीनदा बोलली. चौथ्या रात्री एकदा. दिवाळीच्या आत पानांच्या बेचक्यात हिरवे मणी दिसायला लागले.

अंबाडीचं फूल पहाटे उजाडायच्या आधी उमलतं आणि दुपारी मिटतं. त्याला बघायचं, तर दिवा लावून चालत नाही; खिडकी उघडून उजाडायची वाट पाहावी लागते. त्या पहाटे मला जाग आली, तेव्हा आई आधीच उशीला टेकून बसली होती. खोलीत अजून काळोख होता.

"आलं बघ," ती म्हणाली. मला काहीच दिसत नव्हतं.